तिसरा मजला, लिफ्ट नाही

"मामा, या घराला कॅरेक्टर आहे," भाची हॉलच्या मधोमध उभी राहून म्हणाली.

आई आत देवापाशी वाती वळत होती. तिने तिथूनच विचारलं, "कुणाच्या कॅरेक्टरबद्दल चाललंय?"

हा शब्द आमच्या घरात याआधी दोनदाच आला होता. एकदा मला नोकरी लागताना त्याचं सर्टिफिकेट हवं होतं तेव्हा, आणि एकदा तळमजल्यावरच्या एका भाडेकरूसंबंधी. दोन्ही वेळा आईने पूर्ण चौकशी केल्याशिवाय विषय सोडला नव्हता. त्यामुळे घरालाही ते असतं आणि ते चांगलं असतं, हे तिला पटवायला भाचीला अर्धा तास लागला.

भाची पुण्याला इंटिरियर डिझाइन शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आजोळी आली ती मेजरिंग टेप, रंगांचं शेडकार्ड आणि प्रोजेक्ट घेऊन. विषय होता जुन्या फ्लॅटमध्ये जुन्या-नव्या वस्तूंचा मेळ. फ्लॅट आमचा. मार्क तिचे.

बदलापूर पूर्वेला, शिरगावात, १९८७ सालची आमची इमारत. तळ अधिक तीन. आम्ही तिसऱ्यावर. शेअर रिक्षा फाटकाशी सोडते आणि तिथून पुढचा प्रवास सत्तावन्न पायऱ्यांचा असतो. बाबांनी जागा घेतली तेव्हा बिल्डर म्हणाला होता, "वरती हवा छान येते." येते खरी. तिला जिना चढावा लागत नाही. गॅलरीतून चंदेरीचा सुळका अख्खा दिसायचा, आता समोरच्या टॉवरच्या दोन विंगांमधल्या फटीतून एका वेळी एका डोळ्याने दिसतो.

भाची वहीत टिपत होती. जुनं काय, नवं काय, कुठे काय शोभतं. तिचा समज असा की या घरात कुणीतरी चोखंदळपणे वस्तू जमवल्या आहेत. तिचं मन मोडवेना, पण आमच्याकडे आवडनिवड ही गोष्ट कुणी कधी कुणाला विचारलेली नाही. काय घरात येणार आणि काय राहणार, हे जिना ठरवतो. साडेतीन फुटांची रुंदी, प्रत्येक मजल्यामागे दोन वळणं, आणि दुसऱ्या मजल्याच्या कठड्याची एक सळई अशी बाहेर आलेली की तिने आजवर अनेकांचे शर्ट आणि एका नवरदेवाचा शेला ठेवून घेतलाय.

उदाहरणार्थ, कपाट. भाचीने त्याला हात लावला आणि म्हणाली, "हा तर स्टेटमेंट पीस!" आम्ही त्याला 'गोदरेज' म्हणतो. गोदरेजने पोलादी कपाटं करायला सुरुवात केली १९२३ साली, आणि तेव्हापासून मराठी घरात लोखंडी कपाट कुणीही बनवलेलं असो, त्याचं आडनाव गोदरेजच. आमचं मूळचं उल्हासनगरचं. म्हणजे आमच्या लहानपणी ज्या मालावर 'मेड इन यू.एस.ए.' असा शिक्का असल्याचा विनोद सगळे करायचे, त्या घराण्यातलं. उल्हासनगर सिंधी असोसिएशन.

हे कपाट १९८८ साली आलं तेव्हा जिन्याने पहिल्याच वळणावर हात वर केले. मग हमालांनी दोर लावून ते बाहेरून गॅलरीत ओढलं. बाबा खाली उभे राहून "डावीकडे, डावीकडे" ओरडत होते. वरून पाहणाऱ्याचं डावं वेगळं असतं, हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत कपाटाने दुसऱ्या मजल्यावरच्यांची तुळस पाडली होती. त्या काकूंनी हे अजून विसरल्याचं जाहीर केलेलं नाही. पुढच्याच वर्षी चोरांच्या भीतीने गॅलरीला ग्रिल बसलं. तेव्हापासून कपाट आत आहे. जिन्याने उतरत नाही, गॅलरीतून निघत नाही. त्याच्या आरशात बघून मी दहावीला भांग पाडला आणि आता भांगाची जागा शोधतो. याला स्टेटमेंट म्हणायचं असेल तर म्हणा. जन्मठेप म्हणणं जास्त बरोबर.

मग भाची एकदम गुडघ्यांवर बसली आणि ओरडली, "तेराझो!"

बायकोने झुरळ समजून चप्पल काढली.

फरशीबद्दल होतं ते. आमची साधी मोझॅकची लादी, पिवळट पांढऱ्या सिमेंटात काळे-तांबडे खडे. भाचीने सांगितलं की ही कला व्हेनिसची. तिथले कारागीर संगमरवराचा उरलेला चुरा वाया न घालवता चुन्यासिमेंटात बसवून घासायचे. आता तीच लादी मोठमोठ्या कॅफेंत मुद्दाम बनवून घेतात. आईला व्हेनिसचं काही वाटलं नाही, पण चुरा वाया न घालवणारे लोक तिला एकदम जवळचे वाटले. "आपल्यातलेच दिसतात," म्हणाली.

ही लादी वाचली कशी, तेही सांगितलं पाहिजे. दहा वर्षांपूर्वी सगळ्या इमारतीला व्हिट्रिफाइड टाइल्सचं वेड लागलं होतं. आम्हीही चकचकीत फरशी पसंत करून आलो. गवंड्याने खोक्यांचं वजन सांगितलं, मजल्यामागे जादा मजुरी सांगितली आणि जुन्या लादीचा राडा खाली उतरवण्याची वेगळी. बेरीज केली आणि आमची जुन्या गोष्टींवरची माया उफाळून आली. दुसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांकडे आज व्हिट्रिफाइड आहे. व्हेनिस तेवढं तिसऱ्यावर.

आता नव्याची कहाणी. भाचीच्या आराखड्यात हॉलच्या कोपऱ्यात एल आकाराचा सोफा होता, गडद हिरवा. आम्ही उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो. या बाजारात मला नेहमी थोडं गलबलल्यासारखं होतं. दुसऱ्या महायुद्धात तिथे कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून लाखाच्या घरात माणसं तिथल्या बराकींत आली, १९४९ साली गावाला उल्हासनगर नाव मिळालं, पण छावणीचा 'कॅम्प' पत्त्यातून आजही गेलेला नाही. कपाटं, पलंग, आरसे सगळं मागे ठेवून आलेल्या माणसांनी पुढे पंचक्रोशीला कपाटं, पलंग आणि आरसे विकले. मी हे बायकोला सांगत होतो तेव्हा ती दुकानदाराला सांगत होती की फोम बसतोय, भाव कमी करा. तिचं बोलणं जास्त उपयोगी पडलं.

हॉल आम्ही तीनदा मोजला होता. जिना कुणीच मोजला नव्हता.

सोफा संध्याकाळी सातला टेम्पोतून आला आणि साडेआठला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला. वर जाईना, खाली येईना. हमालांनी त्याला उभा केला, आडवा केला, डोक्यावर घेतला, नंतर दैवावर सोडला आणि "सकाळी मालकाला घेऊन येतो" म्हणून निघून गेले. रात्रभर तो तिथेच राहिला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना दार पुरतं उघडता येईना, तेव्हा ते फटीतून तिरके होऊन बाहेर आले आणि नाइलाजाने त्याच्यावरच बसले. मग त्यांनी पेपर मागवला. मग चहा. अकरा वाजेपर्यंत जिन्यात सहा जण होते आणि सोसायटीची जी मीटिंग गेली दोन वर्षं गणसंख्येअभावी तहकूब होत होती, ती तिथे निर्विघ्न पार पडली. इतका चांगला बसलेला सोफा मी दुसरा पाहिलेला नाही. फक्त मजला चुकला होता.

सकाळी सुताराने त्याला कापला. आता आमच्याकडे एक सरळ सोफा आहे आणि त्याच कापडाचं एक स्टूल, जे का आहे ते कुणाला सांगता येत नाही. भाचीने वहीत लिहिलं: 'मॉड्युलर'.

तरी तिला अस्सल जुनं काहीतरी हवं होतं, म्हणून चोर बाजार झाला. शुक्रवारी मटन स्ट्रीटवरची जुन्या सामानाची दुकानं बंद असतात, हे आम्हाला शुक्रवारी तिथे पोचल्यावर कळलं. पण त्या दिवशी रस्त्यावरच जुमा बाजार भरतो, आणि तिथे चादरीवर, एका फुटक्या ग्रामोफोनच्या कर्ण्याशेजारी, ती खुर्ची होती. वाकवलेल्या लाकडाची, गोल बैठकीची. विकणारा म्हणाला, "इराण्याच्या हॉटेलातली." अडीच हजारांवरून नऊशेला आली.

ही जातकुळी मोठी आहे. मायकेल थोनेट नावाच्या माणसाने व्हिएन्नात वाफेवर लाकूड वाकवून १८५९ साली चौदा नंबरची खुर्ची काढली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. छत्तीस खुर्च्यांचे सुटे भाग एका घनमीटर खोक्यात मावत आणि जगभर जात. भाची हे सांगत असताना मला त्या थोनेटबद्दल अपार आदर वाटला. त्या माणसाला जिन्याची जाण होती. आमची खुर्ची त्याच्या सख्ख्या वंशातली की नुसती आडनावबंधू, ते देव जाणे.

सीएसएमटीहून बदलापूर अडुसष्ट किलोमीटर. मी खुर्ची घेऊन लगेजच्या डब्यात चढलो. भायखळ्याला टोपलीवाल्या एक मावशी चढल्या, खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बसल्या. मी उभा. दादरला आणखी दोन मावशी आल्या आणि आळीपाळी ठरली. ठाण्यापर्यंत खुर्चीवर माझा काही हक्क आहे ही गोष्ट डब्यात कुणालाच पटण्यासारखी राहिली नव्हती. डोंबिवलीला शेवटची मावशी उठली तेव्हा म्हणाली, "चांगली आहे हो, पण थोडी डुगडुगते." घरी आल्यावर बायकोने हुंगून विचारलं, "ही खरंच इराण्याच्या हॉटेलातली ना? वास तर बोंबलाचा येतोय."

उरलं सामान भाचीने माळ्यावरून काढलं. तांब्याचा बंब हॉलमध्ये आला आणि त्याच्या पोटात दिव्यांची माळ गेली. आईने बंबाला लिंबू-मीठ लावून लखलखीत केलं, मग भाचीने हळहळत सांगितलं की आजी, ती काळपट झाकच हवी होती. "म्हणजे घासायचा नाही?" आईने विचारलं. "चाळीस वर्षं हे कुणी आधी सांगितलं नाही." पाटा-वरवंटा कुंडीखाली गेला. आता चटणीच्या आठवणीने मनी प्लांट वाढतो.

एकच वस्तू भाचीच्या कुठल्याही रकान्यात बसेना. न्हाणीघराबाहेरचं निळं प्लास्टिकचं पिंप. बदलापुरात राहणारा माणूस सोफ्यावाचून राहील, पिंपावाचून नाही. तिने त्यावर हातमागाचं कापड घातलं, वर पितळी समई ठेवली. सुरेख दिसलं. पहाटे पाणी आलं, बायको अर्धवट झोपेत नळी घेऊन आली, आणि समईसह सगळी सजावट पिंपात बुडाली. समई वर काढायला मी खांद्यापर्यंत आत गेलो. वाकताना कळलं की बुडाला शेवाळ आहे, हिरवंगार, भाचीच्या सोफ्याला अगदी जुळणारं.

सुट्टी संपण्याआधी भाची आम्हाला अंबरनाथला घेऊन गेली. "आपल्या भागातलं सगळ्यात जुनं इंटिरियर," म्हणाली. शिलाहारांचं शिवमंदिर, १०६० सालचं. बाहेर इंचभर दगडही कोरल्यावाचून सोडलेला नाही, आणि गाभारा मात्र खोल, जमिनीच्या पातळीखाली, वीसेक पायऱ्या उतरून. आत फारसं काही नाही. अंधार, गारवा आणि देव. भाची बराच वेळ गप्प उभी होती. मी सवयीने पायऱ्यांची रुंदी बघत होतो. आई गुडघ्यांमुळे वरच थांबली. आम्ही धापा टाकत परत आलो तर म्हणाली, "बरं आहे देवाचं. सामान आणायचं तर उतरतीला."

प्रोजेक्टला मार्क चांगले पडले. फोटोत पिंप नव्हतं.

आणि गेल्या महिन्यात रीडेव्हलपमेंटवाल्यांचा माणूस आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. शर्टाची बाही दुसऱ्या मजल्यावर राहिली होती. तो सोफा ओलांडून थेट त्या खुर्चीवर बसला, तांब्याभर पाणी प्यायला आणि दम लागल्यासारखा इकडेतिकडे बघत म्हणाला, "छान ठेवलंय हो घर. काहीतरी वेगळंच वाटतं."

मग त्याने फाइल उघडली. बारा मजले. पार्किंग. व्हिट्रिफाइड फ्लोअरिंग. "आणि आजी, दोन-दोन लिफ्ट."

आई काही बोलली नाही. ती उठून आत गेली. कपाटाचा तो करकरणारा खण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात भाची विसरून गेलेली मेजरिंग टेप होती. तिचं एक टोक तिने माझ्या हातात दिलं, मला कपाटापाशी उभं केलं, आणि दुसरं टोक ओढत त्या माणसाला विचारलं,

"लिफ्टचं दार केवढं?"