सुटका हवी? आधी आत या!

युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टने ॲपलला बजावलं, की ब्राउझर कुठला वापरायचा ते गिऱ्हाइकाला ठरवू द्या. नाहीतर जगभरच्या उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड. ॲपलने हुकूम शिरसावंद्य मानला. मार्च 2024 मध्ये, आयओएस 17.4 सोबत, युरोपातल्या आयफोनवर ब्राउझरांची यादी आली. फक्त ती दिसायची ॲपलचाच ब्राउझर, सफारी, पहिल्यांदा उघडल्यावर! म्हणजे काडीमोडाचा अर्ज सासूबाईंच्याच कपाटात. एरवी सेटिंग्जमध्ये खोदकाम करायचं स्वातंत्र्य होतंच म्हणा. त्याआधी तर आयफोनवर क्रोम घ्या की फायरफॉक्स, आतलं इंजिन ॲपलचंच, वेबकिट.

डिसेंबर 2024 मध्ये औदार्याचा कळस झाला. आयओएस 18.2 आल्यावर युरोपात सफारी, कॅमेरा, फोटो, इतकंच काय, खुद्द ॲप स्टोअरही फोनवरून काढून टाकता येऊ लागलं. रागाच्या भरात ॲप स्टोअर काढलंत आणि पस्तावलात, तर परत आणायची सोय सेटिंग्जमध्ये. आणि सेटिंग्ज? ते मात्र काढता येत नाही.

आपणही मागे नाही हं. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1337.76 कोटींचा दंड ठोठावला आणि नवा फोन सुरू करतानाच सर्च इंजिन निवडू द्या, असं सांगितलं. आता यातलं चांगलं कुठलं, हे लोक गूगललाच विचारणार, त्याला आयोग तरी काय करणार?