साडू वेळेवर येतात तेव्हा

आमचे साडू डोंबिवलीला राहतात. हा त्यांचा पत्ता नव्हे, सबब आहे. ठाण्यातल्या कुठल्याही कार्याला उशिरा उगवायचं आणि "लोकल हो, दुसरं काय!" म्हणत थेट पंगतीला बसायचं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. जलद गाडीने प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा, पण मध्य रेल्वेवर ढकललेला आरोप कोण तपासतो? फलाटावरची बाई आधीच दिलगीर असते.

सासरच्यांनी यावर तोडगा काढला होता. मुहूर्त साडेनवाचा असला की साडूंना आठचा सांगायचा. पत्रिका त्यांच्या हाती लागू न देण्याची कामगिरी मेहुणीकडे. निमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं, तर नवऱ्याच्या फोनमधून ते पुसायचंही तिनेच. संसार म्हणतात तो हाच.

आणि मग सासूबाईंच्या पंचाहत्तरीला हे गृहस्थ तासभर उशिरा आले आणि उंबऱ्यातच म्हणाले, "गाडी वेळेवर होती. मीच उशिरा निघालो. सगळ्यांना ताटकळत ठेवलं, चुकलं माझं. पुन्हा नाही होणार."

घर चिडीचूप. सबबीवर मारायचे टोमणे सगळ्यांचे तयार होते. कबुलीचं काय करायचं ते कुणाला सुचेना. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अहो, हल्ली गाड्यांचं काही खरं नसतं." त्यांनी मोठ्या मनाने परत देऊ केलेली सबब जावयाने घेतली नाही.

विश्वास मात्र कुणाचाच बसला नाही. मेहुण्याच्या मुलाच्या मुंजीची वेळ साडूंना नेहमीच्या दराने, म्हणजे दीड तास आधीची सांगण्यात आली. मेहुणी आदल्या दिवशीच माहेरी. हे पावणेआठला हजर! हॉलला कुलूप. आम्ही सव्वानऊला पोचलो तेव्हा साडू मांडववाल्याबरोबर खुर्च्या मांडत होते.

ते चिडले नाहीत, हे जास्त वाईट. शांतपणे म्हणाले, "मुंबई-अहमदाबाद तेजस 2020 मध्ये सुरू झाली, तेव्हा तासाहून जास्त उशीर झाला तर प्रवाशाला शंभर रुपये आणि दोन तासांहून जास्त झाला तर अडीचशे, अशी हमी होती. माझे शंभर काढा."

मेहुणा वकील नाही, पण बोलतो तसा. "आम्ही उशीर कुठे केला? तुम्हाला लवकर बोलावलं."

साडूंनी याचीही तयारी केली होती. नोव्हेंबर 2017 मध्ये जपानची त्सुकुबा एक्सप्रेस एका स्टेशनातून 20 सेकंद लवकर सुटली. एकाही प्रवाशाची तक्रार नव्हती, तरी कंपनीने जाहीर माफी मागितली. "तुम्ही तर दीड तासाची थाप मारलीत, भाऊ!"

भटजी मंगलाष्टकांसाठी खोळंबले होते. मेहुण्याने मुकाट्याने शंभराची नोट काढली. पुढच्या बारशाला मेहुणीला नवऱ्याला दोनदा शपथेवर सांगावं लागलं, की पाळण्याची वेळ खरी आहे.

माझं विचाराल तर शंभर कमी झाले. बंद हॉलसमोरचा चहासुद्धा ते स्वतःच्या पैशाने प्यायले होते.