पडली तर?

आमच्या अप्पांच्या हनुवटीखाली टाक्यांची खूण आहे, ती सूरपारंब्यांची. उजव्या गुडघ्यावरची सायकलची. सायकल तासावर भाड्याने आणलेली, मोठ्या माणसाची, म्हणजे दांड्याखालून पाय घालून चालवायची. तिला ब्रेक नाहीत हे त्यांना उतारावर कळलं. कोपराची हकीकत दर वेळी बदलते, पण तिच्यात एक म्हैस कायम असते. पाहुणे आले की अप्पा बाही वर सारतात आणि गाईडने लेणी दाखवावीत तशा या खुणा क्रमाने दाखवतात.

हेच अप्पा परवा आमच्या आठ वर्षांच्या कन्येला स्टुलावर उभी बघून ‘अगं पडेल, पडेल ती!’ असं इतक्या मोठ्यांदा ओरडले, की ती दचकून खरंच पडली. ‘बघ, सांगत होतो ना!’ म्हणाले.

नात झाली की माणसाचं काय होतं कोण जाणे. स्वतःचं बालपण हाडवैद्याच्या ओट्यावर गेलेला माणूस नातीच्या डोक्याशी टेबलाचा कोपरा किती अंतरावर आहे ते मोजत बसतो. माझी गतही फार निराळी नाही, फक्त मी मनातल्या मनात ओरडते.

नॉर्वेतल्या एलन सँडसेटर या संशोधक बाईंनी मुलांच्या जोखमीच्या खेळांचा अभ्यास करून २००७ साली त्यांचे सहा प्रकार पाडले. उंचावर चढणं, सुसाट वेग, धारदार अवजारं, आग-पाण्याजवळचा खेळ, लुटुपुटीची मारामारी आणि मोठ्यांच्या नजरेआड भटकणं. भीती आणि मजा एकत्र वाटते म्हणून मुलं याकडे ओढली जातात आणि त्यातूनच आपल्याला काय झेपतं याचा अंदाज बांधायला शिकतात, असं त्यांचं साधारण म्हणणं. ही यादी मी अप्पांना वाचून दाखवली.

‘एवढंच?’ ते म्हणाले. ‘हे आमचं दुपारच्या जेवणाआधी उरकायचं.’ मग आवाज खाली आणून, ‘पण तिला नको वाचून दाखवूस.’

आमच्या सोसायटीत या सहांपैकी एकच प्रकार चालतो. लुटुपुटीची मारामारी, तीही वार्षिक सर्वसाधारण सभेत. मुलांसाठी जागा आहे, नाही असं नाही. खाली रबरी फरशी, वर माझ्या कमरेला लागेल एवढी घसरगुंडी, आणि शेजारी पाटी : ‘झाडावर चढू नये. पडल्यास सोसायटी जबाबदार नाही.’ मुलं तिथं जरा वेळ घसरतात आणि मग बाकावर बसून शिस्तीत कंटाळतात. पावसाळ्याआधी सी विंगच्या गळतीचं काम निघालं, वाळूचा ढीग पडला, फळ्या आल्या, रंगाचे रिकामे डबे आले, आणि एका संध्याकाळीत घसरगुंडी ओस पडली. (वाळू क्रश सँड होती. तिच्यात शंख-शिंपले निघत नाहीत. नद्यांच्या दृष्टीने ते बरंच आहे, पण मी सवयीने दोन मुठी चाळून पाहिल्या.)

डेन्मार्कचे उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेनसेन यांच्या हे फार पूर्वीच लक्षात आलं होतं. आखीवरेखीव बागांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी आणि भंगारात जास्त रमतात. १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात त्यांच्या कल्पनेतलं भंगाराचं मैदान उभं राहिलं. फळ्या, विटा, हातोडे, खिळे, आणि लक्ष ठेवायला एक मोठा माणूस. हा दाखला मी कमिटीपुढे ठेवला. सचिवांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मॅडम, ती वाळू सी विंगची आहे.’

विहिरीची गोष्ट मात्र खरी कामाची निघाली. काकांनी अप्पांना विहिरीत ढकललं आणि अप्पा पोहायला शिकले, ही वीरकथा आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो. कन्येने एक साधा प्रश्न विचारला, ‘मग बुडला का नाहीत?’

‘बुडेन कसा? पाठीला डबा बांधलेला होता ना. आणि कमरेला दोरी.’

‘दोरीचं दुसरं टोक?’

‘काकांच्या हातात.’

इतक्या वर्षांत दोरीचा उल्लेख प्रथमच होत होता. मग आणखी उलटतपासणीत कळलं की काका आधी स्वतः उतरून तळाशी दगड, झुडूप काही आहे का ते चाचपून यायचे. काही दिवसांनी डबा सुटायचा, मग दोरी सैल व्हायची, आणि एक दिवस काका काठावर नुसतेच बिडी ओढत बसायचे. म्हणजे पोराला न दिसणारा धोका काकांनी काढायचा, दिसणारा पोरासाठी ठेवायचा. वाळूतली काच, वाळकी फांदी, उघडी वायर मी बघायची, किती वर चढायचं ते तिनं. नवऱ्याला हे पटलं. अडचण एवढीच की पोरगी वर असताना गप्प बसायला आमच्यापैकी कुणीच शिकलेलं नाही. बिडीही कुणी ओढत नाही.

हल्ली ती आजीजवळ बसून विळीवर काकडी चोचवते. अप्पा हळदीचा डबा घेऊन समोर बसतात. एकदा बोट कापलं, आजीचं. ‘पडेल, पडेल’ कानावर आलं म्हणून.

आता राहिला होता नजरेआड जाण्याचा प्रकार. गेल्या रविवारी कन्येला एकटीला गेटबाहेरच्या वाण्याकडे खोबरं आणायला पाठवलं. अप्पा ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणत लगेच निघाले. गॅलरीतून दिसत होतं : पुढे ती पिशवी झुलवत, मागे अप्पा, एका गाडीआडून दुसऱ्या गाडीआड. वॉचमन त्यांच्याकडे संशयाने बघत होता. ती खोबरं आणि उरलेले सुटे पैसे घेऊन वेळेत परतली. अप्पांचा अर्ध्या तासाने पत्ता नाही, आणि फोन टेबलावर.

शेवटी त्यांना शोधून आणायला तिलाच पाठवलं.