सुपारी फुटली

जपानी माणसाच्या किमोनोला खिसा नसतो, ही माहिती खामगावात राहणाऱ्या माणसाच्या काय कामाची? पण एका रात्री ती मला मोबाइलवर दिसली आणि माझे साडेअकरा हजार तिथेच बुडाले.

खिसा नाही म्हणून तिकडचे लोक तंबाखूची पिशवी, औषधाची डबी दोरीला बांधून कमरपट्ट्याखालून लोंबती सोडत. दोरी निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाला बोटाच्या दोन पेरांएवढा कोरीव नग. तो नेत्सुके. दोरी ओवायला दोन भोकं, आणि अंगाला कुठे टोचेल असं टोक नाही. उंदीर, ससा, भूत, जे सुचेल ते लाकडात नाहीतर हस्तिदंतात कोरायचं. 1868 साली मेइजी पर्व सुरू झालं, हळूहळू कोट-पँट आली, पँटीला खिसे आले आणि बेकार झालेली ही फौज युरोपातल्या हौशी मंडळींच्या कपाटांत जाऊन बसली. एडमंड द वाल या इंग्रज कुंभाराकडे वारशाने अशी 264 आली. त्याने त्यांच्यावर पुस्तकच लिहिलं. मला फक्त एक हवं होतं.

तसा हा किडा जुना. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांची रांग पाहिली तेव्हाच तो चावला. पण केळकरांनी त्यासाठी गावंच्या गावं पालथी घातली. मी सोफ्यावर पालथा पडून अंगठ्याने खरेदी केली. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे कायद्याने बंद, म्हणून सज्जनासारखं लाकडी निवडलं. चेस्टनटचं फळ आणि त्यातून डोकावणारी अळी. 'दीडशे वर्षं जुनं,' असं विकणाऱ्याने लिहिलं होतं. लिहिलेल्यावर माझा फार विश्वास.

बायकोला किंमत साडेअकराशे सांगितली. "एवढ्याशा गोट्याले?" ती म्हणाली. मी एक शून्य गिळून गप्प बसलो.

खामगावची चांदी देशभर जाते, तेव्हा पारखही इथेच व्हावी म्हणून ओळखीच्या एका कारागिराकडे गेलो. त्याने तो नग काट्यावर ठेवला. "चौदा ग्रॅम," तो म्हणाला, "कायचे, ते मले नका विचारू." तापलेली सुई टोचून पाहावी, लाकडाचा वास वेगळा नि प्लास्टिकचा वेगळा, हे मी वाचलं होतं. तीनदा सुई तापवली आणि तीनदा थंड होऊ दिली. न जाणो, खरं कळलं तर!

अशात नांदुऱ्याला मेहुणीच्या मुलीची सुपारी फुटायची होती. झब्ब्याला तीन खिसे असूनही मी उपरणं कमरेला आवळलं, आजोबांची चंची दोरीने लोंबती सोडली आणि वर नेत्सुके. दोनदा चंची पडली. तिसऱ्यांदा व्याह्यांनी उचलून दिली. मग मी नगच सोडून घेतला आणि बैठकीत फिरवायला दिला, तोंडाने मेइजी पर्व चालू ठेवून. पाहणाऱ्यांनी मान डोलावली, पुढे सरकवला. फिरत फिरत तो विड्याच्या तबकात कधी गेला, ते मेइजीच्या नादात मला दिसलं नाही.

तबकापाशी बायकोचे मोठे मामा बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपासून पुढच्या महिन्यात असलेले. हातात अडकित्ता.

कट्ट.

आत पांढरी फक्क भुकटी. लाकूड नाही, जपान नाही, साच्यात ओतलेला कसलासा लगदा. सुईला जे तीन वेळा जमलं नाही, ते अडकित्त्याने एका दणक्यात करून टाकलं.

"मामाजी, साडेअकरा हजारांची वस्तू आहे हो ती!" मी ओरडलो.

बैठक चिडीचूप. आतल्या दारातून बायको बाहेर आली. "हजार?" एवढंच म्हणाली.

मामांनी एक तुकडा दाढेखाली धरून पाहिला, थुंकला, आणि अडकित्ता पुसत माझ्याकडे वळले.

"हे त किडेल होती, जवाईबापू. पुढच्या खेपीले चिकनी आना."