तेरा नंबरचा पाना

बारा नंबरचा पाना चढत नाही आणि तेरा नंबरचा घसरतो. आमच्या स्टँडर्ड हेरल्डविषयी कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. गाडी 1966 ची, मद्रासच्या कारखान्यातली, पण हाडानं अस्सल इंग्रज. तिचे नट-बोल्ट इंचांत. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. भोपाळच्या कुठल्याही दुकानात मिळणारा तेरा नंबरचा पाना त्या नटावर छान बसल्यासारखा वाटतो. पहिल्या हिसक्याला तो नटाचे कोपरे खातो, दुसऱ्याला माझ्या बोटांचं सालपट काढतो. हे गणित कळेपर्यंत अकरा नट गोल झाले होते. आता माझ्याकडे इंची पान्यांचा पूर्ण सेट आहे. फक्त गोल नटाला लागेल असा पाना इंग्रजांनीही केलेला नाही.

ही स्पोर्ट्स कार आहे का, हा प्रश्न आमच्या घरात विचारायचा नसतो. दोन दारं, 948 सीसी इंजिन आणि, ब्रिटिश पुस्तकावर विश्वास ठेवला तर, पस्तीसेक घोडे. त्यांतले किती अजून हयात आहेत ते श्यामला हिल्सच्या चढावर कळतं. पण हेरल्ड मूळची जिची, त्या ट्रायम्फ कंपनीनं 1962 साली स्पिटफायर नावाची खरीखुरी स्पोर्ट्स कार काढली, ती हेरल्डचीच चासी आखूड करून. दोघींचा चेहराही इटलीच्या मिकेलोत्तीनंच काढलेला. स्थळ सांगताना मुलाच्या मावसभावाचा अमेरिकेतला पगार सांगतात ना, तसा मी हा स्पिटफायर सगळ्यांना सांगतो. "मुलगा स्वतः काय करतो?" असं बायको मध्येच विचारते, तेव्हा विषय बदलावा लागतो.

डिसेंबर 1737 मध्ये पहिल्या बाजीरावांनी याच भोपाळात निजामाची रसद तोडली आणि पुढच्या महिन्यात त्याला दोराह्याला तह करायला लावला. आम्ही भोपाळची मराठी मंडळी आल्यागेल्या पाहुण्याला ही गोष्ट पोह्यांबरोबर वाढतो. रसद तुटल्यावर आतल्या माणसाचं काय होतं, हे मात्र मला हेरल्डनं शिकवलं. कारखान्यात हेरल्ड बनणं थांबून अर्धशतक उलटून गेलं. कबाडखान्यात ॲम्बेसेडरचा डोंगर सापडतो, फियाटचं टेकाड सापडतं, हेरल्डचा मात्र एखादा आरसा, तोही फुटका. मी बाजीरावाच्या कुळातला असलो तरी या लढाईत निजामाच्या बाजूला आहे.

तरीही दुरुस्ती करायला हिच्यासारखी गाडी नाही. तिचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हे. दिवे, मडगार्ड यांसकट अख्खं नाक पुढच्या बाजूला उलथतं, मगरीनं आ वासावा तसं. मग इंजिन चारी बाजूंनी मोकळं, आणि माणसानं चक्क पुढच्या टायरवर बसून काम करायचं. मी तिथे बसून चहा प्यायलो आहे, वर्तमानपत्र वाचलं आहे, एकदा डुलकीसुद्धा काढली आहे. जुन्या भोपाळात पटिये असतात, म्हणजे घरासमोरच्या दगडी फरशा, जिथे रात्री बारापर्यंत गप्पा झडतात. माझा टायर हा अरेरा कॉलनीतला पटिया. रविवारी नाक उलथलं की दहा मिनिटांत तीन माणसं कुंपणाशी उभी. त्यांतले एक खांसाहेब दर वेळी तेच विचारतात, "को खां, बन रई है के बिगड़ रई है?" मी आजवर खरं उत्तर दिलेलं नाही.

दुरुस्तीवर थांबलो असतो तर बरं होतं. पण हाताला यश आलं की माणसाला सुधारणा सुचतात. पहिली सुधारणा गाण्यांची. ब्लूटूथचा प्लेअर आणला, काळी तार बॉडीला, लाल तार करंटला. शाळेतलं पोरही असंच जोडेल. पुष्कळ जुन्या इंग्रजी गाड्यांत मात्र बॅटरीचं प्लस टोक बॉडीला बांधलेलं असतं. आमचीत होतंच. म्हणजे जगाला जे उलटं ते तिला सुलटं. प्लेअरनं एक शब्दही न काढता निळसर धूर सोडला. बायको खिडकीतून म्हणाली, "अहो, धूप लावलात का?"

दुसरी सुधारणा छताची. हेरल्डचं छत बोल्टांनी बसवलेलं असतं, त्यामुळे ते काढता येतं. विलायतेत लोक काढतातही आणि उघड्या गाडीतून हिंडतात. मी एप्रिलात काढलं. मी आणि भाच्यानं ते गच्चीवर नेऊन उलटं ठेवलं. दोन दिवसांनी पाहतो तो त्यात धुतलेली चादर अंथरून कुरडया वाळत घातलेल्या. पत्र्याच्या त्या खोलगट परातीत त्या इतक्या खडखडीत वाळल्या की पुढच्या आठवड्यात सांडगे आणि बटाट्याचा कीसही आला, आणि शेजारणीनं छताचं बुकिंग विचारलं.

इकडे खाली छताशिवाय गाडीचं अंग सैल पडलं. डावं दार लावलं की उजवं उघडायचं. दोन्ही लावली तर मी आत अडकायचो. तेवढ्यात एका वकील स्नेह्यानं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढून दाखवलं: कारखान्यानं दिलेला आणि आरसीत नोंदलेला घाट आपल्या मनानं बदलायचा नाही. मृगाच्या आत छत पुन्हा चढवलं. ऊन तापलं की त्याच्या अस्तराला अजून जिऱ्याचा वास येतो.

तिसरी गोष्ट सुधारणेची नाही, मायेची. हेरल्डच्या पुढच्या चाकांना खाली ट्रनिअन नावाचा पितळी सांधा असतो. स्टिअरिंग वळलं की चाकाचा खांब त्याच्या आट्यांत फिरतो. मी दर महिन्याला गाडीखाली शिरून त्यात ग्रीस भरायचो, दिवाळीत मुलांना तेल लावावं तितक्या प्रेमानं. घट्ट ग्रीस त्या आट्यांत खोल जात नाही. आत गंज धरतो, सांधा आवळतो आणि एक दिवस खांबच तुटतो. आमचा तुटला तो नशिबानं फाटकातून मागे येताना. कडकन आवाज झाला आणि डावं चाक मांडी घालून बसलं. बाबांच्या कपाटातल्या मॅन्युअलमध्ये छापलेलंच होतं: ग्रीस नको, गिअरचं घट्ट तेल घाला. मॅन्युअल मी नंतर वाचलं. कबाडखान्यातले उस्ताद आले, त्यांनी बोटावर ग्रीस घेऊन हुंगलं आणि म्हणाले, "खां, इसे मक्खन मत खिलाओ, तेल पिलाओ." नवा खांब भाच्यानं चेन्नईच्या पुदुपेटमधल्या जुन्या सामानाच्या बाजारातून शोधला आणि कॉफीच्या पुड्यांशेजारी सूटकेसमध्ये घालून आणला.

मधेच मला व्हिंटेज नोंदणीचं वेड लागलं. जुलै 2021 च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी वीस हजार रुपये भरून व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. मुख्य अट: गाडी मूळ रूपात हवी. मी माझे सगळे उपद्व्याप आठवून गप्प बसलो. पुढे लिहिलं होतं की अशी गाडी रोज चालवायची नाही. रस्त्यावर काढायची ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कामांपुरतीच. बायकोनं चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. "म्हणजे आजवर आपण कायद्यानंच वागत होतो की," ती म्हणाली.

गेल्या महिन्यात चौकातल्या एका लग्नाला आम्ही हेरल्डनं गेलो. येताना गल्लीत समोरून वरात आली. बँड, घोडा, डोक्यावर दिवे घेतलेल्या बाया, आणि मागे रिक्षांची रांग. सगळे ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांना मागे घ्यायला सांगत होते. मी स्टिअरिंग फिरवत गेलो, फिरवत गेलो, आणि गाडी जागच्या जागी गिरकी घेतल्यासारखी एका दमात वळली. हेरल्डला वळायला पंचवीस फूट पुरतात, लंडनच्या टॅक्सीइतकेच. मागचा रिक्षावाला तोंडातलं पान सांभाळत ओरडला, "वा मियां! गाड़ी है के लट्टू!"

मी आरशातून बायकोकडे पाहिलं नाही, कारण आरसा पडलेला होता. पण ती खूश झालेली कळत होती.

"हे तुम्ही केलंत?" तिनं विचारलं.

"नाही. हे मूळचंच आहे."

"तरीच," ती म्हणाली.