मिरजेचं विमान

मिरज ते मुंबई विमानानं किती वेळ, असं इंटरनेटवर विचारून बघा. उत्तर चुटकीसरशी येतं. सरळ रेषेत सुमारे 310 किलोमीटर, वेळ तासाभराच्या आत.

मिरजेत विमानतळच नाही.

मग हा आकडा येतो कुठून? नकाशावर दोन टिंबं, मधे रेघ. विमानाच्या वेगानं भागाकार, वर चढण्या-उतरण्याची थोडी मिनिटं. त्या रेघेला ना कोल्हापूरच्या वाटेवरच्या हातकणंगल्याची रहदारी लागते, ना मुंबईच्या धावपट्टीवर उतरण्यासाठी घिरट्या घालाव्या लागतात.

आता माणसाचा हिशोब मांडू. जवळचा विमानतळ कोल्हापूरचा, उजळाईवाडीला. घरून तिथवर तास-सव्वा तास. उड्डाणाच्या तास-दीड तास आधी हजर. हवेत तासभर. मुंबईत बाहेर पडून दादर गाठायला पुन्हा तास, रहदारी असली तर जास्तच. झाले जवळपास पाच तास. जाहिरातीत त्यातला एकच छापतात. उरलेले चार कुणाच्या खात्यावर?

उजळाईवाडीची धावपट्टी कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या काळातली, 1939 सालची. तिथली प्रवासी सेवा किती वेळा सुरू झाली आणि किती वेळा बंद पडली, कोल्हापूरकरांना विचारा. ज्याचं तिकीट काढलंय ते विमान उद्या असेल का, हे वेळापत्रक सांगत नाही.

आणि सांगलीकडे निवडणूक आली की कवलापूरच्या विमानतळाचा विषय आलाच. माळावर जुनी धावपट्टी आहे, मागणीही जुनी आहे. उजळाईवाडी इतकी जवळ असताना इथं रोज विमान भरणार कोण, हे मात्र कुणी बोलत नाही.

मिरज मोठं झालं ते विमानानं नव्हे, रुळांवर. ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज, तिन्ही रूळ एकेकाळी या जंक्शनात येत होते. 2016 च्या दुष्काळात लातूरला पाणी गेलं तेही मिरजेहून, रेल्वेनंच. डॉक्टर वानलेस साहेबांनी इथं दवाखाना उभा केला तेव्हापासून कर्नाटक, कोकण, सोलापूरकडचे रुग्ण मिरजेला येतात. कशानं? रेल्वेनं आणि एसटीनं.

रात्री मुंबईच्या महालक्ष्मी एक्सप्रेसच्या वेळी फलाटावर उभं राहा. काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, हातात डबा, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला निघालेलं कुटुंब दिसेल. रुळावरून मुंबई सुमारे 470 किलोमीटर. रात्रभराचा प्रवास, पण आडवं पडायला जागा मिळाली तर रात्र निभते, दिवस हाती राहतो आणि लॉजचं भाडं वाचतं.

जागा मिळाली तर.

आणि मुंबईची वाट पुण्यावरून जाते. पुणे-मिरज हा सुमारे 280 किलोमीटरचा मार्ग कित्येक दशकं एकेरी राहिला. समोरची गाडी येईपर्यंत आपली बाजूला उभी! 2024 च्या सप्टेंबरात कोल्हापूर-पुणे वंदे भारत आली. गाडी ताशी 160 धावू शकते. वेळापत्रक मात्र 326 किलोमीटरला सव्वापाच तास, म्हणजे सरासरी जेमतेम 62. गाडी नवी आली, वेग कुठे अडला?

विमान कुणाला नको? ज्याला तातडी आहे, ज्याची ऐपत आहे, त्यानं जरूर जावं. पण खासदार-आमदारांनी पुढच्या सभेत विमानतळाचं बोलण्याआधी दोन गोष्टी सांगाव्यात. पुणे-मिरज मार्गावर सरासरी वेग किती वाढवणार? आणि मुंबईच्या रात्रीच्या गाड्यांना साधे स्लीपर आणि जनरल डबे किती वाढवणार? आकडा सांगा, तारीख सांगा.