वायर सोडून सगळ्याला वॉरंटी

तीनशे रुपयांच्या इअरफोनच्या डबीत एक चिठ्ठी निघते. भिंग असेल तर ती वाचता येते. एक वर्षाची वॉरंटी, असं पहिल्या ओळीत. वायर वगळून, असं शेवटच्या.

आता इअरफोन म्हणजे काय? वर कानात घालायची दोन बोंडं, खाली एक पिन आणि मधे चार फूट वायर. बोंडं हरवतात, बिघडत नाहीत. पिन हत्तीखाली आली तरच वाकेल. बिघडण्याची कुवत असलेला अवयव एकच, आणि तेवढा वगळून बाकी सगळ्याला वॉरंटी आहे. डबीलाही असावी.

बरं, हे आपण वाचतोय कुठे? सिल्वासात! मसाट, पिपरिया, खडोलीच्या पट्ट्यात, जिथे तांब्याची सळी ओढून तार करतात, तारेवर पीव्हीसी चढवतात आणि भल्यामोठ्या लाकडी ड्रमांवर गुंडाळलेली केबल ट्रेलरवर चढून वापीमार्गे हायवेला लागते. ती केबल पुढे कुठेतरी जमिनीत पुरतात. वर रस्ता होतो, रस्ता खणतात, पुन्हा होतो, पावसाळे जातात. केबल खाली पंचवीस-तीस वर्षं मुकाट्याने वीज वाहते. आणि ती बनवणाऱ्या पोराच्या खिशातली चार फूट वायर दिवाळीला घेतली की संक्रांतीला जाते. तांबं तेच, प्लास्टिक तेच, गावही तेच.

तुटते कुठे, हे सांगायला इंजिनिअर नको. पिनेतून वायर बाहेर पडते तिथे, मानेत. पिन ताठ, वायर मऊ; खिशातला प्रत्येक हिसका त्या एका जागेवर येतो. आतले केसाएवढे तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. आधी डावा कान जातो. मग माणूस पिन फिरवायला लागतो. एका ठरावीक कोनात डावा कान परत येतो, की तो कोन दोन बोटांनी धरून बसायचं. सकाळच्या शिफ्टला निघालेल्या कुठल्याही शेअर रिक्षात बघा: चौघांपैकी दोघं डोळे मिटून, श्वास रोखून, खिशात हात घालून बसलेले असतात. त्यांचं ध्यान लागलंय असं नवख्याला वाटतं. त्यांनी कोन धरलेला असतो. खड्डा आला की चौघं उडतात, कोन सुटतो आणि ऐन कडव्यात गायिका जाऊन नुसता तबला उरतो.

ही वायर घेऊन काउंटरवर गेलात की उत्तर तयार असतं: हे फिजिकल डॅमेज आहे. मग दुसरं कुठलं असतं? वायरला मानसिक धक्का बसतो? शनीची साडेसाती लागते? तांब्याची तार फिजिकल, तुटणं फिजिकल, तीनशे रुपये तर फारच फिजिकल. पण नाही. तुम्ही चिठ्ठीची मागची बाजू वाचलेली नसते. तिथे नियम आहेत. वायर वाकवू नये. ओढू नये. गुंडाळू नये. घाम आणि ओल लागू देऊ नये. खिशात कोंबू नये. आणि डबीच्या दर्शनी बाजूला, भिंगाशिवाय दिसेल अशा टाइपात, पोर्टेबल! म्हणजे वागवायची, पण खिशात नाही. न्यायची, पण गुंडाळून नाही. मग आरतीच्या तबकासारखी दोन्ही हातांवर धरून न्यायची की काय? आणि तीही कुठे, तर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे, जुलैत, रेनकोटमध्ये, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात गेटपास असताना.

सिल्वासाला वाटेचा वाद काही नवा नाही. 1954 साली हा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाला आणि पुढच्या वर्षी पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन दाव्याला बसला, की दमणहून इथे यायची वाट आमच्या हक्काची. 1960 साली निकाल लागला, तोही फोड करून: साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, फौजेला आणि हत्यारांना नव्हती. चार-पाच वर्षं गेली, पण निदान कुणाला सोडायचं नि कुणाला नाही, याचा विचार तरी झाला. इअरफोनच्या मानेतून फक्त एक गाणं जायचंय. ना फौज, ना हत्यार. तरी वाट बंद, आणि निकाल चार सेकंदांत.

यावर दुकानदाराचा उपाय म्हणजे ‘वायरलेस घ्या ना भाऊ.’ वायर गेली, कटकट गेली. आली काय? प्रत्येक बोंडात एक चिमुकली लिथियमची बॅटरी, डिंक लावून कायमची बंद केलेली. काही शे वेळा चार्ज झाली की ती थकते. बदलायची सोय नाही, बोंडच फेकायचं. त्याआधी ते वापीच्या प्लॅटफॉर्मवरून रुळांत पडलं नाही तर. मोठे, कान झाकणारे घ्यावेत, तर गादीवरचं रेक्झिन आपल्या दमट हवेत सुटायला लागतं आणि माणूस गालावर काळी टिकली लावून कामावर हजर. वायरवालेच बरे म्हणावं, तर आता कित्येक फोनना पिनेचं भोकच नाही. त्यासाठी वेगळा जोड घ्या. त्या जोडालाही वायर आहे. तिला दोन माना आहेत.

दुरुस्तीचं तर बोलूच नका. त्या केसाएवढ्या धाग्यांवर लाखेसारखा लेप असतो, वर त्यांच्यात नायलॉनचा दोरा मिसळलेला. लेप जाळून काढल्याशिवाय डाख धरत नाही. कारागिराला हे येतं. पण त्याची मजुरी मागितली, तर गिऱ्हाईक नव्या डबीकडे बघतं. वस्तूच अशी केलीय की दुरुस्त करणारा मूर्ख ठरावा.

आणि उपाय माहीत नाही असं थोडंच आहे? मानेवर लवचिक रबराची लांब बाही घाला, पिन काटकोनात वळवा, वायर थोडी जाड करा. केबलच्या कारखान्यात नवा लागलेला हेल्परही सांगेल की वाकणाऱ्या जागेला आधार लागतो. तेवढं करायचं नाही आणि तुटली की म्हणायचं, तुम्हीच नीट वापरली नाही. मला चीड येते ती या वाक्याची. कारण बारा तास उभं राहून परतणाऱ्या त्या ठेकेदारीच्या पोराला हे वाक्य पाठ आहे. यंत्रावर जाळी बसवलेली नसते, बोट आत जातं आणि साहेब म्हणतात, तूच नीट लक्ष दिलं नाहीस. वस्तू करणाऱ्याची चूक कधीच नसते. चूक नेहमी हाताची असते. तीनशे रुपयांत या पोराला दुसरं काही नको असतं. यंत्राचा खडखडाट डोक्यातून काढायला घरी जाताना दोन गाणी हवी असतात, आणि तीही दोन्ही कानांत.

तेव्हा घ्यायचेच असतील तर मानेकडे बघून घ्या. रंग, बास आणि डबीवरचा धावणारा गोरा तरुण यांच्याकडे नको. काटकोनी पिन, लांब बाही, फोनभोवती आवळून न बांधता सैल वेटोळं. आणि जमत असेल तर दीडेक हजारांच्या आसपास वायर वेगळी निघणारे मिळतात, ते घ्या. त्यात वायर मेली तर वायरच बदलायची, कान नाही. दुकानात शिरल्या शिरल्या एकच विचारा: वायर सुटी मिळते का? दुकानदार चिठ्ठी दाखवायला लागला तर पुढचं दुकान गाठा. किलवणी नाक्यावर दुकानांना तोटा नाही.